बोंडावर माप लिहिलेलं नसतं

पोरी, गणपतीच्या सुट्टीत तू ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगडाला निघालीस आणि दिवाळीनंतर हिमाचलला, असं तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं. सॅकमध्ये काय भरायचं ते तुझी आई सांगेलच. आत्याचं सांगणं रानात काय तोंडात घालायचं नाही, एवढ्यापुरतं आहे. ते जरा लांबेल, पण वाच. अकोले तालुक्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून माझं अख्खं आयुष्य गेलं. त्यात जी माणसं रानातलं काहीबाही खाऊन माझ्या दारात आली, त्यातली गावातली फार थोडी. बहुतेक पाहुणी होती, तुझ्याच वयाची, शिकलेली, फोनवर फोटो बघून पान ओळखणारी.

मला जे कळतं त्यातलं निम्मं सरकारच्या ट्रेनिंगमधलं आणि निम्मं वाडीतल्या सुईणआजीचं. ती महादेव कोळ्यांची, शाळेचं तोंड न बघितलेली. सुरुवातीला ती माझ्याकडे संशयाने बघायची आणि मी तिच्याकडे. पुढे आम्ही दोघींनी मिळून कितीतरी बाळंतपणं केली. तिचं एक वाक्य मी घोकून ठेवलं आहे: ‘रानात ज्याचं माप ठाऊक नाही, ते जिभेला लावायचं नाही.’

त्या वाक्याची खोली मला एका काचेच्या अँप्युलने शिकवली. फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस आला, की आम्ही अॅट्रोपिन द्यायचो. तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि ते इंजेक्शन हळूहळू वाढवत नेलं की छातीतली घरघर कमी होत यायची. अॅट्रोपिनने जीव वाचतो. आणि तेच अॅट्रोपिन बांधावरच्या धोतऱ्यात असतं, त्याच्या जोडीला स्कोपोलामिन आणि हायोसायमिनसुद्धा. फरक एवढाच की अँप्युलवर ०.६ मिलिग्रॅम असं छापलेलं असतं आणि बोंडावर काहीच लिहिलेलं नसतं. एका झाडाची दोन बोंडं सारखी नसतात. पावसातलं झाड वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं, कोवळं पान वेगळं, बी वेगळं. मित्राने मागच्या वर्षी खाल्लं आणि त्याला काही झालं नाही, या बोलण्याला म्हणून काडीचा अर्थ नाही.

धोतरा तू ओळखतेस, महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतेस तोच. उकिरड्याजवळ, पडक्या घराच्या जोत्यावर, रस्त्याकडेला टाकलेल्या मातीच्या ढिगावर तो हमखास. फूल कर्ण्यासारखं, संध्याकाळी उमलणारं, पांढरं. काळ्या धोतऱ्याचं जांभळट. फळ लिंबाएवढं, काटेरी. ते पिकून फुटलं की आत चपट्या, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराच्या बिया दाटीवाटीने भरलेल्या दिसतात. या बिया आणि सुक्या मिरचीचं बी शेजारी ठेवलं तर घाईत फसायला होतं. मिरचीचं बी पिवळसर आणि जिभेला झोंबणारं, धोतऱ्याचं कडवट. पण हा फरक चाखून बघायचा नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. थंड हवेच्या गावांत बंगल्यांच्या आवारात घंटेसारखी खाली लोंबणारी मोठी, सुवासिक फुलं दिसतात. ती याच्याच भावकीतली. फोटो काढ, केसात माळू नकोस आणि हात धुतल्याशिवाय डोळा चोळू नकोस. निंदणीच्या दिवसांत एक बाई एका डोळ्याची बाहुली मोठी झाली म्हणून घाबरून माझ्याकडे आली होती. तिच्या बोटाला धोतऱ्याचा चीक लागलेला होता आणि त्याच बोटाने तिने पापणी पुसली होती. दोन दिवसांत उतरलं.

धोतऱ्याने माणूस भ्रमतो, हा त्याचा गुण चोरांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. जेवणात धोतरा घालून माणसाला भ्रमात टाकायचं आणि घर लुटायचं, हे त्याने त्यात लिहून ठेवलेलं आहे. पुढे वाटसरूंना लुटणाऱ्यांनी हेच केलं. आज बसमध्ये, रेल्वेत बिस्किटातून, चहातून देतात ती बहुतेक झोपेची गोळी असते, पण रीत तीच. अनोळखी माणसाने उघडलेल्या पुड्यातलं घेऊ नकोस. नाही म्हणताना जीभ जड होत असेल तर सरळ सांग, ‘माझा उपास आहे.’ आपल्या देशात उपासाच्या माणसाला कोणी आग्रह करत नाही. मी देवळातल्या धुनीजवळ, जत्रेत, लग्नात हे एक वाक्य वापरून किती प्रसंगांतून सुटले आहे! साधूबाबाने प्रसाद म्हणून गोळी पुढे केली तर ओंजळीत घे, कपाळाला लाव आणि पुढे झाडाखाली ठेवून दे. मान राखला जातो आणि पोटही राखलं जातं.

आता अळंबी. हिच्याविषयी मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हिच्यावर माझं प्रेम आहे.

एका श्रावणात सुईणआजी मला पहाटे घेऊन गेली. रात्रभर पाऊस पडून थांबलेला, करवंदीच्या जाळीमागे एक जुनं, अर्धं ढासळलेलं वारूळ, आणि त्याच्या उतारावर पांढऱ्या-करड्या टोप्या वर आलेल्या. आजीने सरळ तोडल्या नाहीत. आधी बसली, हात जोडले. मग एका टोपीवर अंगठा फिरवला. मधोमध टोक होतं, भाल्याच्या पात्यासारखं कडक. मग काठीने बाजूची माती हलकेच उकरली आणि देठ कुठवर जातो ते मला दाखवलं. वीतभर गेला तरी संपेना, निमुळता होत खाली वाळवीच्या घरापर्यंत उतरलेला. ‘हिचं मूळ वाळवीच्या अंगणात असतं,’ ती म्हणाली. पुस्तकही तेच सांगतं: वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते आणि पावसाळ्यात त्या शेतीला फुटलेली छत्री म्हणजे ही अळंबी. गोव्यात तिला ओळमी म्हणतात, पावसात रस्त्याकडेला पानात बांधून शेकड्याच्या हिशेबाने विकतात.

तिथून दहा पावलांवर आणखी एक छत्री होती, तितकीच पांढरी, तितकीच देखणी. मी हात पुढे केला तर आजीने मनगट धरलं. देठाला बांगडीसारखं कडं आणि बुडाशी मातीत पातळ पिशवी होती. ‘ही कुत्र्याची छत्री,’ एवढंच बोलली आणि माझा हात धरूनच मला पुढे नेलं. मी विचारलं, कडं नसलं म्हणजे खायची का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी या वारुळाची खाते. माझी आई याच वारुळाची खायची. पलीकडच्या डोंगरातली मला विचारू नको.’

पोरी, ही ओळख हाताची असते, आणि एका जागेची असते. साठ पावसाळे एकाच वारुळावर आलेली बाई पलीकडच्या डोंगराची खात्री देत नाही. मग फोनमधल्या फोटोच्या भरवशावर आपण कोण? अळंबी खायचीच तर गावातल्या बाईकडून घे, जी तीच अळंबी स्वतःच्या पोरांना वाढते, आणि तिच्याच चुलीवर शिजलेली खा. वाटेत दिसली म्हणून तोडून मॅगीत टाकायची नाही.

लोक ज्या परीक्षा सांगतात त्या सगळ्या खोट्या. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा पडतो, तांदूळ रंग बदलतात, यातलं काहीही विष दाखवत नाही. किडे खातात म्हणून माणसाला चालेल हेही खरं नाही, गोगलगाय आणि आपण एका पोटाचे नाही. भरपूर उकळल्याने विष जातं हा समज तर सर्वांत घातक. प्राणघातक छत्रीतलं विष शिजवून जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात चहामळ्यांच्या भागात रानातली अळंबी खाऊन १३ माणसं गेली. अळंबी लहानपणापासून खाणारी माणसं होती ती.

यात एक गोष्ट घड्याळाशी बांधून ठेव. छत्री खाल्ल्यावर तास-दोन तासांत उलट्या लागल्या तर त्रास पुष्कळ होतो, पण बऱ्याचदा माणूस त्यातून निभावतो. हिरवळीवर उगवणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्रीने असंच होतं, पिकली की तिच्या टोपीखालच्या घड्या हिरवट दिसतात. पण उलट्या-जुलाब सहा तासांनंतर, किंवा रात्री खाऊन सकाळी सुरू झाले, तर ते भयंकर लक्षण समज. त्यानंतर एखादा दिवस माणसाला बरं वाटतं, तो चहा मागतो, उठून बसतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. नेमकं तेव्हाच आत लिव्हर निकामी होत असतं. त्या बऱ्या वाटलेल्या दिवशी दवाखान्यातून घरी न्यायचं नाही, आणि दवाखान्यात नसेल तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्याची वाट धरायची. आणि लवकर उलटी झाली म्हणून निर्धास्तही राहायचं नाही, कारण टोपलीत दोन जातींची छत्री मिसळलेली असू शकते.

तुमच्या वयाची पोरं कोडाईकनालला जातात ती वेगळ्याच छत्रीसाठी, हे मला माहीत आहे. नर्सबाईपासून काय लपतं? शेणावर उगवणारी ती बारीक छत्री आपल्याकडेही पावसाळ्यात गुरं चरतात तिथे उगवते. तिच्यातलं सायलोसायबिन भिंती हलवतं, रंग बोलायला लावतं. कोणाला ते सुखाचं वाटतं, कोणाला दरीच्या काठावर नेतं. गडावर, धुक्यात, निसरड्या कातळावर डोळ्यांनी खोटं बोलायला सुरुवात केली तर काय होईल, ते कोकणकड्याच्या काठावर उभी राहशील तेव्हा तुझं तुलाच कळेल. ज्याच्या घरात मनाचा मोठा आजार आहे त्याने तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. एकदा बिघडलेलं मन परत जागेवर यायला महिने लागलेले मी पाहिले आहेत. शिवाय शेणावर एकच जात उगवत नाही, आणि वाळवून पुडीत आली की विकणाऱ्यालाही सांगता येत नाही आत काय आहे. कायद्यानेही सायलोसायबिनला बंदी आहे, रानात फुकट उगवलं तरी.

हिमाचलमध्ये भांगेची झुडपं तुला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतील, पार्वतीच्या खोऱ्यात तर घरांच्या भिंतींना टेकलेली. आपोआप उगवलं म्हणजे तोडायला मोकळं, असं तिथे नाही. गांजा आणि चरस १९८५च्या कायद्यात येतात. नुसती पानं आणि बिया त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, पण भांगेचे नियम राज्याराज्याचे वेगळे आहेत आणि आपल्या महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती चालत नाही. परक्या मुलखात पोलीस चौकीत बसून कलमांचा कीस काढायची वेळ येऊ देऊ नकोस. दुसऱ्याची पिशवी सांभाळायला घेऊ नकोस, अगदी मैत्रिणीची असली तरी आत काय आहे ते बघून घे. आणि होळीला वगैरे कोणी थंडाईचा पेला हातात दिला, तर एवढं जाण: ओढलेलं लगेच चढतं, खाल्लेलं-प्यायलेलं तास-दोन तास गप्प बसतं. ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, मरतो की काय असं वाटतं. अशा माणसाला एकटं सोडायचं नाही. अंधाऱ्या, शांत खोलीत कुशीवर निजवायचं, हळू बोलत राहायचं, आणि गाडीची किल्ली काढून घ्यायची.

काही गोष्टी चालता चालता सांगते. मोहाची फुलं ताजी वेचून खाल्लीस तर चढत नाहीत, गोड लागतात, चढते ती त्यांची आंबवून काढलेली दारू. नीरा सूर्य वर यायच्या आत प्यायची, ऊन चढलं की तीच ताडी होते. सुपारी लागते, म्हणजे घाम फुटतो, छातीत आवळतं, डोकं गरगरतं. सवय नसताना कोणी पान दिलं तर सुपारी काढून टाक. जायफळ बाळाच्या गुटीत उगाळतात ते एक-दोन वेढे. त्याची पूड चमच्याने खाऊन नशा शोधणारा एक मुलगा दोन दिवस ओकत होता. नेपाळला गेलीस तर कड्यावरच्या मधमाश्यांचं लाल मध चमचाभरही घेऊ नकोस. तिथल्या गुरास नावाच्या झाडाच्या फुलांतलं विष त्यात उतरतं, नाडी मंदावते, माणूस उभ्याने कोसळतो.

कोद्रा मात्र दोन ओळींत उरकण्यासारखा नाही, कारण तो पोटभर जेवणात येतो. कोकणात त्याला हरीक म्हणतात, आणि जुनी माणसं गोडा हरीक वेगळा आणि माजरा हरीक वेगळा मानतात. काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाण्यावर बुरशी धरते, आणि त्याचा भात खाणारा झिंगल्यासारखा होतो. हातपाय कापतात, उलटी होते, डोळे मिटतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशात बांधवगडला १० रानहत्ती शेतातला कोद्रा खाऊन मेले, तपासणीत त्याच बुरशीचं विष निघालं. हत्ती जिथे आडवा होतो तिथे आपली काय कथा? म्हणजे कोद्रा खाऊ नये असं नाही, सुईणआजीच्या घरचा मी आनंदाने खाल्ला आहे. ज्या घरी जेवशील तिथली माणसं तोच भात जेवत आहेत ना, तेवढं बघ, आणि कापणीच्या दिवसांत भिजलेला दाणा विकायला बसलेल्याकडून पिशवी भरून आणू नकोस.

आता कोणी खाल्लंच, तर काय करायचं. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. गुंगीतल्या माणसाच्या श्वासात ती उलटी जाते आणि विषाआधी तीच मारते. ताक, दूध, लिंबू, तूप काही नाही. कुशीवर निजवायचं, अंग तापलं असेल तर ओल्या फडक्याने पुसायचं, बडबडत असेल तर दोरीने बांधायचं नाही, त्याने ताप आणखी चढतो. १०८ला फोन, रेंज नसेल तर एकाने गावाकडे धावायचं, एकाने जवळ बसायचं. जे खाल्लं त्याचा उरलेला तुकडा, पान, देठ, अगदी ओकारीतलंसुद्धा, कागदात गुंडाळून सोबत द्यायचं. प्लास्टिकच्या पिशवीत छत्री घामेजून तासाभरात ओळखू येईनाशी होते. डॉक्टरांना अडलं तर दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र रात्रंदिवस चालू असतं, तिथे ते विचारतात. आणि खरं सांगायचं. ताबडतोब.

हे मी का बजावते ते ऐक. काही वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात, रात्री नऊच्या सुमाराला, चार पोरं एकाला जीपमध्ये घालून घेऊन आली. बाहेर झड लागलेली, वीज गेलेली. गडाखाली भजी खाल्ली, ती बाधली, असं चौघंही एका सुरात म्हणाले. पोराचं अंग तव्यासारखं तापलेलं. मला वाटलं मलेरियाचा ताप डोक्यात गेला. त्याच्या डोळ्यांकडे मी पाहिलं होतं, पण कंदिलाच्या उजेडात सगळ्यांच्याच बाहुल्या मोठ्या दिसतात, तिथे मी चुकले. तो पांघरुणातून न दिसणारे धागे उपसत होता आणि बोटाला गुंडाळत होता, एकेक धागा नीट, घाई न करता. मग भिंतीकडे वळून कोणाला तरी काडी मागितली, ओठात नसलेली विडी पेटवली, झुरका मारला. त्याच्या काखेत हात घातला तर कोरडी ठणठणीत. एवढ्या तापात घामाचा थेंब नाही. तेव्हा मी बॅटरी काढली आणि डोळ्यावर मारली. बाहुली हललीच नाही. नुसतं काळं, भोवती रंगाची एक रेघ.

मी चौघांना ओसरीवर नेऊन विचारलं. भजी, म्हणाले. पुन्हा विचारलं. भजी. मी म्हटलं, मी पोलीस नाही, मी नर्स आहे, दवाखान्यात नोंद होईल आणि तेवढंच होईल, पण मला कळलं नाही तर त्याच्या आईला फोन मला करावा लागेल. त्यातला सर्वांत लहान दिसणारा, इतका वेळ पागोळ्यांखाली भिजत उभा होता, तो रडायला लागला. त्याने विंडचीटरच्या खिशातून हात बाहेर काढला. मुठीत अर्धं काटेरी बोंड होतं, दाबून दाबून चपटं झालेलं.

गाडी यायला पाऊण तास लागला. मी केस-पेपरच्या मागच्या बाजूला ते बोंड बांधलं आणि वर लिहिलं: धोतरा, बिया. खाल्ल्याची वेळ साडेसहा. किती, असं त्या लहानग्याला विचारलं. त्याने मित्राकडे पाहिलं, मित्राने तिसऱ्याकडे. एक म्हणाला वीस असतील, एक म्हणाला मूठभर. मी ‘किती’च्या पुढे रेघ मारली आणि पुडी गाडीतल्या डॉक्टरांच्या हातात दिली.